गिअर कोण टाकतं?

माझी सगळी नोकरी दाते कापण्यात गेली. भोसरीच्या एका कंपनीत मी हॉबिंग मशीनवर होतो. लोखंडाची गोल चकती मशीनवर चढवायची आणि तिच्या कडेला दाते पाडून तिचा गिअर करायचा. बत्तीस वर्षं हेच केलं, बहुतेक ट्रॅक्टरचे गिअर. नुसता अंगठा फिरवला तरी कुठला दाता खरवडलाय ते मला कळायचं. त्यामुळे गिअरबद्दल मला कुणी काही सांगितलेलं मला खपत नसे, आणि सांगणारी बायको असली तर अजिबातच नाही.

बायको मूळची मोशीची. तिच्या माहेरच्या वावरावर जी बिल्डिंग उभी राहिली, तिच्यातच आम्ही राहतो. ती गाडी शिकली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. तिची थोरली बहीणही मोशीतच राहते. तिच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवं अंग लुळं पडलं. आठवड्यातून दोनदा तिला पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात व्यायामासाठी न्यायचं असे. रिक्षात बसवायला वेळ लागायचा, रिक्षावाले कुरकुर करायचे. एक दिवस बायको घरी आली आणि म्हणाली, "मीच शिकते गाडी." ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत क्लच काही तिला जमेना, म्हणून क्लचचं पेडलच नसलेली गाडी आम्ही घेतली. दोन वर्षं वापरलेली होती, पण चकाचक.

गाडी घेतानाच मी खाली वाकून बघितलं होतं. आत गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचही नेहमीचाच. फरक एवढाच, की माणसाच्या हातापायाऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं एक यंत्र क्लच ओढतं आणि गिअर टाकतं. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, ही आपल्या ओळखीची वस्तू आहे. त्या यंत्राला हुकूम कोण देतं, हा प्रश्न काही मला तेव्हा पडला नाही.

एका सोमवारी सकाळी बायको पार्किंगमधून वर परत आली.

"अवो, आज दार उघडल्यावर ती गुणगुणली न्हाई."

"कोण?"

"गाडी. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की आतनं झूंऽऽ असा आवाज येतो रोज. आज आला न्हाई."

असा आवाज येतो हे मला माहीतच नव्हतं. मी नेहमी दुसऱ्या बाजूने चढायचो, आणि तोवर तो थांबलेला असायचा. मी खाली गेलो, दार दोन-तीनदा उघडलं-मिटलं, आवाज नाही. पण गाडी सुरू झाली आणि पहिल्या गिअरमध्ये पडलीही. मी म्हटलं, "चालतीय ना? मग झालं." ती निघून गेली. मंगळवारी तिने सांगितलं, आज गुणगुणली. पुढच्या सोमवारी पुन्हा नाही. मी लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या सोमवारी तिचा फोन आला. ती बहिणीला घेऊन स्पाइन रोडच्या एका सिग्नलवर उभी होती. सिग्नल सुटला तरी गाडी पुढे जाईना. समोरच्या पडद्यावर N, म्हणजे न्यूट्रल, लुकलुकत होता आणि पीं-पीं वाजत होतं. मागे बस. लोक हॉर्न मारत होते. दोन मोटारसायकलवाल्यांनी उतरून गाडी ढकलत कडेला लावून दिली. मी पोचलो तेव्हा मेव्हणी मागच्या सीटवर शांत बसलेली, डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून. मला म्हणाली, "दाजी, माझ्यावानीच झालं बगा हिचं. मन म्हनतं चल, आन् पाय उचलत न्हाई."

तिला रिक्षाने हॉस्पिटलात धाडलं, बायको सोबत गेली. मी गाडीजवळ थांबलो. बोनेट उघडून गिअरबॉक्सच्या कवचावर तळहात ठेवून उभा राहिलो. जणू ताप बघतोय. काय बघत होतो ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

गाडी ओढून नाशिक रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने अर्ध्या तासात सांगितलं, "सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." म्हणजे गिअरबॉक्ससकट सगळं. गंमत अशी, की मला ते लगेच पटलं. त्याने गिअरचं नाव घेतलं होतं ना! गिअर जुळवणारी सिंक्रो रिंग गेली असेल, तो सरकवणारा फोर्क वाकला असेल, असं मीही त्याला भर घालून सांगितलं. तो सगळ्याला मान डोलवत गेला.

बायकोला मात्र पटलं नाही. "गिअर मोडला आसता तर मंगळवारी कसा नीट झाला आसता?" ती म्हणाली. मी म्हणालो, "तुला त्यातलं कळत नाही." वाक्य तोंडातून गेलं आणि मला वाटलं, उत्तर नसलं की आपण हेच म्हणतो.

मेव्हणीच्या शेजाऱ्याने पिंपरी कॅम्पाच्या मागच्या गल्लीतल्या एका मिस्त्रीचं नाव सांगितलं. गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करणारा मुसलमान गृहस्थ, वय पंचेचाळीसच्या आसपास. आजोबा रेडिओ दुरुस्त करायचे, वडील मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचे, आणि हा गाड्यांमधल्या कंप्युटरची कामं करत होता. दुकान एका गाडीपुरतं, पण आत ऑपरेशन थिएटरसारखी स्वच्छता. काढलेले स्क्रू तो चहाच्या बशीत ठेवायचा, प्रत्येक जागेची बशी वेगळी. चष्मा कपाळावर. हातात मीटर असताना एक शब्द बोलायचा नाही.

गाडी ओढून आम्ही दोघं तिथे घेऊन गेलो. मी गेल्या गेल्या सुरुवात केली, "सिंक्रो रिंग गेलेली असणार, किंवा..."

त्याने हात वर केला. "काका, माफ करा, माझी एक रीत आहे. पार्टचं नाव घ्यायचं नाही. गाडी काय करते, फक्त तेवढं सांगा."

खरंच सांगतो, मला सांगता येईना. गाडी काय करते हे मी कधी बघितलंच नव्हतं. तिच्यात काय मोडलं असेल याचाच विचार मी करत बसलो होतो.

मग बायकोने सांगितलं. दार उघडल्यावरचा आवाज कसा असतो, किती वेळ टिकतो, कुठल्या दिवशी आला नाही. N कसा लुकलुकला. गाडी बंद करून थोडं थांबलं की कधी कधी कशी ठीक होते. "आन् सोमवारी जास्त व्हतं," ती शेवटी म्हणाली.

मिस्त्रीने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "सोमवारीच? रविवारी गाडी कुठे लांब जाते का, काकू?"

"न्हाई. रविवारी तर ती घरीच असती."

मिस्त्रीने "अजीब आहे" म्हटलं आणि बोनेट उघडलं. मी उगाच कोपऱ्यातल्या बशांमधले स्क्रू मोजायला लागलो.

त्याने स्कॅनर जोडला. इंजिनचा कंप्युटर बोलला, ब्रेकचा बोलला, गिअरचा कंप्युटर काही उत्तर देईना. "हा बघा, काका," त्याने बॅटरीच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथे एका पत्र्याच्या आधाराला बसवलेली काळी चपटी डबी होती. साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवल्यावर होईल तेवढी. खालच्या बाजूने तारांचा जाड जुडगा आत गेलेला. "टीसीएम, गिअरचा कंप्युटर. गिअर कधी टाकायचा, क्लच किती सोडायचा, सगळं ही ठरवते. दार उघडलं की हीच पंपाला सांगते, मालक आले, प्रेशर तयार ठेव. काकूंना जो आवाज ऐकू येतो तो त्या पंपाचा. आवाज नाही, म्हणजे हुकूमच निघाला नाही. तुमचे गिअर ठणठणीत असतील. नोकर तयार आहे, मालकच बेशुद्ध."

मी त्या डबीकडे बघत राहिलो. गाडी घेतल्यापासूनच्या दोन वर्षांत मी कितीदा हे बोनेट उघडलं असेल! ती समोरच होती.

लगेच निकाल न देता त्याने बॅटरीची तार काढली, डबीच्या जोडणीची खिट्टी उचलली आणि तारांचा जुडगा मोकळा केला. मग प्रत्येक तारेवर मीटर लावून वीज येते का, अर्थिंग मिळतं का, ते तपासलं. पंपालाही बाहेरून थेट वीज देऊन बघितली. तो लगेच झूंऽऽ करून फिरला. "अस्संच!" बायको म्हणाली. तारा ठीक, पंप ठीक. मग त्याने जोडणीचं तोंड माझ्यापुढे धरलं. आतल्या बारीक पितळी पिनांपैकी चार-पाच हिरव्या पडल्या होत्या, देवघरातला तांब्या बरेच दिवस घासला नाही की पडतो तशा.

"पाणी," तो म्हणाला. "पण येईल कुठून? पावसाचं पाणी इथे पोचत नाही."

मी म्हटलं, "कुठून तरी गळत असेल."

त्याने डबीचं झाकण उघडलं. आत सर्किटची हिरवी पाटी, तिच्यावर मुंगीएवढे भाग. एका कोपऱ्यात पांढरी रेघ उमटली होती. माठाच्या अंगावर क्षार धरतात तशी. पाणी तिथवर चढलं होतं आणि वाळलं होतं, पुन्हा चढलं होतं आणि पुन्हा वाळलं होतं. भिंगातून बघितलं तर रेघाही एकीवर एक, तीन-चार.

मी भिंग खाली ठेवलं. बाहेर जाऊन गल्लीत उभा राहिलो. समोर एक माणूस चादरी मांडत होता. आता सांगावंच लागणार हे मला ठाऊक होतं, पण पाच-सात मिनिटं त्या चादरी बघत मी काढली. मग आत येऊन म्हणालो, "मी दर रविवारी इंजिन धुतो. प्रेशरच्या पाइपने."

रिटायर झाल्यावर मुलाने मला तो पंप आणि पाइप दिला होता. रविवारी सकाळी इंजिन आरशासारखं करायचं हा माझा थाट होता. सोसायटीतले लोक थांबून बघायचे. 'काका, तुमची गाडी काय दिसते!' म्हणायचे.

मिस्त्री हसला नाही, रागावलाही नाही. "काका, चांगल्या हेतूने केलंत," एवढंच बोलून तो पिना घासायला लागला.

बायकोने मात्र विचारलं, आणि खरोखर जाणून घ्यायच्या आवाजात विचारलं, "अवो, कंपनीत तुमी मशीनवर पानी मारायचा का?"

हॉबिंग मशीन तर दिवसभर तेलात न्हात असायचं. पण त्याचं इलेक्ट्रिकचं पॅनेल? त्याचं दार बोटभर जरी उघडं दिसलं तरी मी अख्ख्या शिफ्टला शिव्या घालायचो. एकदा एका ऑपरेटरने पॅनेलवर पाण्याची बाटली ठेवली म्हणून मी त्याला सुपरवायझरपुढे उभं केलं होतं. मग इथे का नाही सुचलं? मला वाटतं, कंपनीतलं मशीन हे माझं काम होतं आणि गाडी ही माझी ऐट होती. ऐट मिरवताना माणूस डोकं वापरत नाही.

"नाही मारायचो," मी म्हटलं.

"मंग झालं," ती म्हणाली. तो विषय तिने त्यानंतर कधीच काढला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

डबी दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती. नवी मागवावी लागणार होती, तिला आठ दिवस. मी विचारलं, अपघातात गेलेल्या एखाद्या गाडीची जुनी डबी चालणार नाही का? मिस्त्री म्हणाला, बसेल, कधी चालेलही. पण तिच्यात त्या दुसऱ्या गाडीचा नंबर लिहिलेला असतो, त्या गाडीचा क्लच किती झिजला होता तेही असतं. "दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून सुईत दोरा ओवायचा. ओवेल कदाचित. पण काकू मावशींना घेऊन फिरतात. नको." मेव्हणीला मावशी कधीपासून म्हणायला लागला होता, कोण जाणे. तिला त्याने अजून बघितलंही नव्हतं.

ते आठ दिवस बायकोने बहिणीला रिक्षाने नेलं, आणि दोन्ही वेळा मी सोबत गेलो. तिला उठवताना काखेत हात कसा घालायचा, आधी कुठला पाय आत घ्यायचा, हे बायको मला शिकवत होती. मी चुकलो की मेव्हणी म्हणायची, "दाजी, दमानं. मी काय गिअर न्हाई."

नवी डबी आली. बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दोन बोल्ट, एक खिट्टी. मला वाटलं, झालं काम. मिस्त्री म्हणाला, काम तर आता सुरू होतंय. डबी कोरी आहे, तिला अजून काहीच माहीत नाही. आपण कुठल्या गाडीत आहोत, हेसुद्धा नाही. त्याने लॅपटॉप जोडला आणि आधी गाडीचा नंबर तिच्यात भरला. मग म्हणाला, "आता ही गिअरबॉक्सची ओळख करून घेणार. इंजिन बंदच राहील. कुणी कशाला हात लावू नका, आणि काका, कान द्या."

माझी कंपनीतली जुनी सवय होती, लांब पेचकसाचं टोक मशीनला टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. मी त्याच्याकडून पेचकस मागून घेतला आणि टोक गिअरबॉक्सच्या कवचाला टेकवलं.

आधी पंप फिरला. मग आत टक् झालं. थोडं थांबून पुन्हा टक्. पहिला गिअर. परत मध्ये. दुसरा. आतला दांडा सरकत होता, टोकाला जाऊन टेकत होता आणि माघारी येत होता. तिसरा. अंधाऱ्या खोलीत नवा भाडेकरू भिंती चाचपत फिरावा तसं काहीतरी ते होतं. चौथ्याच्या वेळी तो अडखळला. टक् झालंच नाही. मी मिस्त्रीकडे बघितलं, त्याने बोटाने थांबा म्हणून खूण केली. डबीने स्वतःच पुन्हा प्रयत्न केला, जरा वेगळ्या जोराने, आणि टक्. बत्तीस वर्षं मी दाते कापले. ते एकमेकांत कसे बसतात हे माझ्याएवढं थोड्यांना माहीत असेल. पण त्यांना आणून भेटवायचं कामही इतकं नाजूक असतं, आणि कुणीतरी ते असं चाचपत शिकतं, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

बायको म्हणाली, "मलाबी द्या की." मग तिने पेचकस कानामागे धरला आणि डोळे मिटून घेतले. पाचवा आणि रिव्हर्स तिने ऐकला.

यानंतर क्लच कुठल्या जागी पकड घेतो ते डबीला शिकवायचं होतं, आणि मग रस्त्यावर फेरी. मी पुढे बसायला निघालो, तर मिस्त्री म्हणाला, "काकू चालवतील. रोज त्याच चालवतात ना?" तो लॅपटॉप घेऊन पुढे बसला, मी मागे. पिंपरीतून निघून मोशीवरून चाकणच्या दिशेला. कंपन्यांच्या बस, कंटेनर, दुचाक्या. सुरुवातीला गाडी प्रत्येक गिअरला गचका देत होती. डबी नवी आणि रस्ता हा असला.

"काकू, पाय थोडा हलका... हां. आता सोडा. आता पुन्हा, हळू."

दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून तिने आपण होऊनच ओळखलं. गिअर बदलायच्या आधी ती किंचित पाय उचलायची, आणि डबीला तेवढी फट मिळायची. मिस्त्री पडद्यावरच्या रेघा बघत म्हणाला, "माशाल्ला, काकू, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोन शिकवतंय? समोरचा बोलत असला की आपन थांबतो, तसंच हाय."

चाकणच्या अलीकडे एका रिकाम्या प्लॉटवर गाडी वळवली, चहा घेतला आणि परत निघालो. मोशीपर्यंत गचके जवळजवळ गेले होते. मिस्त्रीने लॅपटॉप मिटला. डबीच्या जोडणीवर त्याने रबराची नवी सील आधीच बसवली होती. मला एवढंच म्हणाला, "ओलं फडकं चालेल, काका. पाइप नको." तो पाइप आता सोसायटीच्या बागेत आहे.

जुनी डबी मी मागून घेतली. तेव्हापासून आठवड्यातून एखाद्या दुपारी मी त्याच्या दुकानात जाऊन बसतो. मीटर धरायला शिकलोय. स्क्रू बशीत ठेवतो. पार्टचं नाव घ्यायचं जिभेवर येतं, ते गिळतो. त्याचंही काही माझ्याकडून होतं. मागे त्याच्याकडे एक गाडी आली होती, तिच्या आवाजावरून दाताच तुटलाय हे मी सांगितलं, आणि ते खरं निघालं.

पुढच्या फेरीला मेव्हणी गाडीत बसली तेव्हा वाटेत तिने काय बिघडलं होतं ते विचारलं. मी तोंड उघडणार एवढ्यात बायकोच सांगू लागली. डबी, हुकूम, पंप, चौथ्या गिअरचं अडखळणं. मी सांगितलं असतं त्यापेक्षा सोपं आणि नीट. पाण्याचं तिने सांगितलं नाही. ते मी सांगितलं.

व्यायामाने आता मेव्हणीची उजव्या हाताची बोटं थोडी मिटायला लागली होती. फ्लायओव्हरच्या चढावर गाडीने खालचा गिअर घेतला तशी ती म्हणाली, "व्हय दाजी, पर हितं चढ हाय हे तिला कसं समजतं? तिला तर डोळं न्हाईत."

त्याच दुपारी मी मिस्त्रीकडे गेलो आणि तोच प्रश्न त्याला विचारला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "इंजिन किती जोर लावतंय आणि चाक किती फिरतंय, याच्यावरून अंदाज घेत असणार," तो म्हणाला. "पण काही गाड्यांत चढ ओळखणारा सेन्सर वेगळा असतो. तुमच्या गाडीत आहे का नाही, मलाही नक्की माहीत नाही, काका."

आम्ही दोघांनी लॅपटॉप उघडला आणि शोधायला बसलो.